बाबांच्या हृदयाचा अक्ष

आमच्या घरात जड असेल ते आई उचलायची. गॅसचा सिलिंडर, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, नळ गेला की खालून भरून आणायचे हंडे. आमची खोली डोंबिवली पूर्वेला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना लोखंडी, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. सिलिंडरवाला खालीच सिलिंडर टेकवून निघून जायचा. मग आई पदर खोचायची, सिलिंडर खांद्यावर घ्यायची आणि चढायला लागायची. तिच्या मागून बाबा. त्यांच्या हातात पावती.

चाळ कठड्याला येऊन बघायची.

"काय वहिनी, आज पण तुम्हीच? भाऊ काय पायऱ्या मोजतायत का?"

"देखरेखीला आहेत ते," आई खालूनच ओरडायची. "कुणीतरी साहेब पायजे ना."

सगळे हसायचे. बाबाही हसायचे. मला त्या हसण्याचा इतका राग यायचा की मी दार लावून घ्यायची.

बाबा दिसायला धडधाकट होते, हीच खरी पंचाईत होती. माणूस लंगडा असला की लोक जागा देतात. बाबांचं दुखणं आत होतं, आणि तेही कागदावर. त्यांच्या हृदयात खरंच काही बिघाड आहे की नाही, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात वर्षानुवर्षं बसलेला होता. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या पोटातले.

बाबा घाटावरचे. दहावी नापास झाले आणि मामाच्या ओळखीने इथल्या इंडस्ट्रियल एरियात रंगाच्या कारखान्यात लागले, कंत्राटावर. ज्या रंगाची बॅच, त्या रंगाची नखं. मी लहान असताना त्यांच्या नखांवरून सांगायची की आज गुलाबी होतं की पिवळं. वरणभात कालवताना आई म्हणायची, "चमच्याने खावा हो, वरणाला परत हळद लागायला नको."

मी पाचवीत असताना कारखान्याने कंत्राटातल्या काही जणांना पर्मनंट करायचं ठरवलं. बाबांचं नाव त्यात होतं. सुपरवायझरने आधीच पेढे मागितलेले आणि बाबांनी आधीच दिलेले. राहिली होती फक्त मेडिकल. त्यासाठी कारखान्यातच कॅम्प लावला. रक्त, लघवी, डोळे आणि ईसीजी.

काही दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. तिथे काय झालं ते बाबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे बसलेले असं मला वाटतं. साहेबांनी गुलाबी चौकटींचा कागद समोर ठेवला. त्यावर मशीननेच वर इंग्रजीत छापलेलं होतं: राइट अॅक्सिस डेव्हिएशन, अॅबनॉर्मल ईसीजी.

"तुमच्या हार्टचा अॅक्सिस फिरलाय. अनफिट आहात," साहेब म्हणाले.

"फिरलाय म्हंजे?"

"फिरलाय म्हणजे फिरलाय. मी काय डॉक्टर आहे?"

"मग साहेब, कंत्राटावर तरी ऱ्हाऊ द्या."

"अनफिट माणूस प्लँटमध्ये ठेवायचा, उद्या काही झालं तर आत कुणी जायचं? तुम्ही?"

म्हणजे पर्मनंट व्हायला गेले आणि होतं तेही घालवून आले.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारचे काका येऊन म्हणाले, "अरे, फिरलंय म्हणजे पाना लावून सरळ करता येत नाही का? तुमच्या कारखान्यात फिटर आहेत ना?" तेव्हा बाबा हसले नाहीत.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी कागदावरचं छापील वाचलं आणि सांगितलं: जड उचलू नका, जिने कमी चढा, टेन्शन घेऊ नका. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि नोकरी गेलेली.

आईने ऐकलं नाही. ती बाबांना सरकारी हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. तिथे पुन्हा ईसीजी काढला. तिथला तरुण डॉक्टर कागद बघून म्हणाला, "नॉर्मल आहे मावशी. न्या यांना घरी." आई तो कागद घेऊन तशीच कारखान्यावर गेली. गेटवरूनच निरोप आला, आमच्या पॅनेलच्या डॉक्टरांचाच रिपोर्ट चालतो. आईने गेटवर काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकून घ्यायला वॉचमनशिवाय कुणी नव्हतं, आणि तो बिचारा आमच्याच चाळीतला.

पण खरी गंमत पुढेच आहे. बाबांचाच त्या नॉर्मल कागदावर विश्वास बसला नाही. ते म्हणायचे, "सरकारी मशीन जुनं असतं. कंपनीचं मशीन कॉम्प्युटरवालं होतं." मग त्यांनी स्वतःच स्वतःचं निदान केलं: एकात खराब, एकात चांगलं, म्हणजे आपलं हार्ट कधीकधी फिरत असणार. केव्हा फिरेल सांगता येत नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला काचेच्या बरणीसारखं जपायला सुरुवात केली. डाव्या कुशीवर झोपायचे नाहीत. मोठ्याने बोलायचे नाहीत. माणूस खोलीत असून नसल्यासारखा वावरायला लागला.

पुढे ते ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका सोसायटीत वॉचमन लागले. बसून राहायचं काम. आई पोळीभाजी केंद्रात जाऊ लागली. पहाटे कणकेचे ढीग मळायचे आणि सकाळी लोकांच्या डब्यांना पोळ्या. संध्याकाळी घरी आली की तिचे खांदे वर उचलायचे नाहीत. तरी सिलिंडर तीच उचलायची.

आजोबा, म्हणजे बाबांचे आबा, वारले तेव्हा आम्ही गावी गेलेलो. तिरडी उचलायची वेळ आली. मडकं थोरल्या काकांच्या हातात होतं. बाबा खांदा द्यायला पुढे झाले, तर त्यांच्या चुलत्यांनी दंड धरून मागे ओढलं. "तू नको रे. तुझं हार्ट हाय. एक जातोय तेवढा पुरे." प्रेमाने म्हणाले. बाबा बाजूला झाले आणि स्वतःच्या बापाच्या मागून स्मशानापर्यंत रिकाम्या हातांनी चालत गेले. मी तेव्हा आठवीत असेन. सिलिंडरच्या वेळी यायचा तो राग त्या दिवशी आला नाही. त्या दिवशी दुसरंच काही आलं, त्याला मला अजून शब्द नाही.

बारावीला मला बरे मार्क पडले. डॉक्टर व्हायला पुरणारे नव्हते. पण हृदयाच्या तपासण्या शिकवणारी पदवी असते हे मला कळलं, बी.एस्सी. कार्डिअॅक टेक्नॉलॉजी, आणि मी दुसरं काही बघितलंच नाही. आमच्या घरात, बाबांच्या घरात, आईच्या घरात, मागच्या कुठल्याच पिढीत कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आत्या म्हणाली, "म्हंजे डॉक्टरीण नाही? मग काय, वॉर्डबॉयचं शिक्षण?" मी म्हटलं, "हो आत्या, वॉर्डबॉयच. तुझं काही दुखलं तर मलाच बोलव." मला उलट बोलायची सवय आईकडून आलीय आणि मला तिची लाज वाटत नाही.

वर्गात सगळे इंग्रजीत विचारायचे. मी मराठीत विचारायची, आणि पहिल्या बाकावरून विचारायची. हसणारे हसले. सहा महिन्यांनी तेच माझ्या वह्या मागायला यायचे. मी द्यायची, पण एकदा विचारून: "मराठीत लिहिल्यात, चालतील?"

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी हृदयाचा विद्युत अक्ष शिकवायला घेतला. फळ्यावर त्यांनी इंग्रजीत अॅक्सिस लिहिलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. एवढी वर्षं आमच्या घरात जो शब्द शिवीसारखा वापरला गेला, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळणार होता.

मॅडम म्हणाल्या, हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे आधी विजेची एक लाट. ती सर्वसाधारणपणे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जाते. अशा सगळ्या लाटांची मिळून जी एक दिशा निघते तो अक्ष. ही दिशा डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून हातापायांना चिमटे लावून वेगवेगळ्या बाजूंनी तिच्याकडे बघायचं. अशा प्रत्येक बघण्याला लीड म्हणतात. लाट बघणाऱ्याकडे आली तर रेघ वर चढते, लांब गेली तर खाली उतरते.

मला चाळीतली मिरवणूक आठवली. समोरच्या खिडकीतल्याला गणपती येताना दिसतो. मागच्या खिडकीतल्याला जाताना. आणि अगदी बाजूच्या खिडकीतल्याला जितका येताना तितकाच जाताना. गणपती एकच. कुणी काय पाहिलं हे विचारत गेलं की तो कुठल्या दिशेने गेला ते घरबसल्या सांगता येतं. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर. आता परीक्षेत गणपती लिहू नको."

रीत सोपी होती. आधी पहिली लीड बघायची, ती डाव्या हाताच्या बाजूने बघते. मग एव्हीएफ, ती पायाच्या बाजूने बघते. दोन्हींत रेघ वर असेल तर अक्ष नॉर्मल. पहिलीत वर आणि एव्हीएफमध्ये खाली असेल तर डावीकडे झुकलाय का हे दुसऱ्या लीडमध्ये तपासायचं. पहिलीत खाली आणि एव्हीएफमध्ये वर, तर उजवीकडे. नेमके अंश हवे असतील तर अशी लीड शोधायची जिच्यात रेघ जितकी वर तितकीच खाली आहे. अक्ष तिच्याशी काटकोनात असतो.

"पण," मॅडम म्हणाल्या, "पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं दिसलं, सुरुवातीची छोटी पी लाटसुद्धा, तर उजवा अक्ष म्हणून लिहून मोकळे होऊ नका. आधी पेशंटचे हात बघा. लाल चिमटा उजव्या हाताचा, पिवळा डाव्याचा. ते अदलाबदल झाले की चांगल्या हृदयाचा अक्ष कागदावर उजवीकडे जातो. मशीनला काय, तुम्ही द्याल ते छापेल."

मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि तास संपला तरी उठले नाही.

घरी येऊन बाबांना म्हटलं, "तुमचा तो कारखान्यातला ईसीजी द्या."

बाबांनी पेटीतून फाइल काढली. त्यातून जे निघालं ते बघून मी बघतच राहिले. कडक, चकचकीत आणि संपूर्ण काळं.

"हे काय?"

"लॅमिनेट केलेलं. आई म्हणाली, कामगार ऑफिसात दाखवायला लागंल, फाटू देऊ नका. म्हणून स्टेशनजवळ जाऊन करून आणलं. तर मशीनमधनं असं काळं आलं. दुकानदार म्हणतो, काका, ह्या कागदाला गरम चालत नाय, आधी सांगायचं ना."

ईसीजीचा कागद उष्णतेनेच उमटतो. तो गरम मशीनमधून काढला म्हणजे सगळाच उमटणार. हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला पाहिजे हे कुणाला सुचलंही नसेल. आमच्यासारख्यांच्या घरात महत्त्वाचा कागद आला की पहिल्यांदा तो लॅमिनेट करतात. मार्कशीट, रेशनकार्ड, जातीचा दाखला. आमचा पुरावा आम्हीच जपायला म्हणून जाळला.

"कॅम्पमध्ये चिमटे कुठल्या हाताला कुठले लावलेले?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी वर पंखा बघत होतो. का गं?"

"काही नाही."

काय सांगणार होते? कागद नाही, साक्षीदार नाही. वर्गात ऐकलेल्या एका वाक्यावर त्यांना परत उभं करायचं आणि ते वाक्य चुकीचं निघालं तर परत खाली पाडायचं? मी फाइल परत पेटीत ठेवून दिली.

पदवी घेतल्यावर मला ठाण्यातल्या एका तपासणी केंद्रात नोकरी लागली. अशी केंद्रं कारखान्यांत जाऊन कॅम्प घेतात. एकदा आम्ही शीळफाट्याच्या पुढे एका कारखान्यात गेलेलो. ईसीजीसाठी त्यांनी टाइम ऑफिसमागची खोली दिली. टेबल भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळे आम्हाला उभं राहायला एकच बाजू. पायथ्याच्या भिंतीवर देवीचा मोठा फोटो, त्याला लाल बल्ब, कालचा हार. दसऱ्याची पूजा तिथेच होत असणार.

माझ्याबरोबरचा टेक्निशियन हुशार होता, पण हात यंत्रासारखा चालायचा. माणूस आडवा झाला की जवळच्या हाताला लाल, लांबच्या हाताला पिवळा. रांग दारापर्यंत, वर सुपरवायझर ओरडतोय, "चला चला, शिफ्ट सुटेल." मी बाजूला बसून कागद बघत होते.

एक चाळिशीचा माणूस आला. टेबलावर बसला, समोर फोटो बघितला, आणि पाय आवरून उलटा फिरून झोपला. फोटोकडे डोकं, दाराकडे पाय.

"काका, उलटे झोपलात," टेक्निशियन म्हणाला.

"देवीकडं पाय करू का?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. चालेल." आणि त्याने जवळच्या हाताला लाल चिमटा लावला. आता जवळचा हात डावा होता.

छातीवर चिकटवायचे रबरी चोखणे त्याने हृदयाची बाजू बघून बरोबर लावले. हात मात्र सवयीने. मशीनमधून कागद बाहेर आला. पहिल्या लीडमध्ये सगळं पालथं, पी लाटसुद्धा. एव्हीएफ वर. आणि वर छापलेलं: राइट अॅक्सिस डेव्हिएशन.

"चिमटे बदल," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की रांगेतले लोक आत डोकावले.

"काय झालं गं?"

"बदल म्हणते ना! डावा हात आहे तो."

त्याने बघितलं, जीभ चावली, चिमटे बदलले. दुसरा कागद नॉर्मल आला. तो काका उठून शर्ट घालत विचारत होता, "काय प्रॉब्लेम नाय ना मॅडम?" मी म्हटलं, "नाही. तुम्ही ठणठणीत आहात." तो गेला. त्याला कधी कळणारही नाही की त्या दोन कागदांमधल्या वेळात त्याच्यावरून काय गेलं.

मी त्या दिवशी घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती आणि बाबा ड्यूटीवरून नुकते आलेले. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाबा, कारखान्यात ईसीजी काढला त्या खोलीत देवाचा फोटो होता?"

"होता की. देवीचा. दसऱ्याला तिथंच पूजा व्हायची, मीच तर नारळ फोडायचो."

"झोपल्यावर पाय कुठे आले?"

"पाय तिकडंच येत होते. मी बरा करीन देवीकडं पाय? डोकं तिकडं केलं. तो पोरगा म्हणाला उलटं झालं, मी म्हटलं चालतंय का, तो म्हणाला चालतंय."

चालतंय. एवढाच शब्द.

मी खाली बसले आणि दोघांना सगळं सांगितलं. लाल चिमटा, पिवळा चिमटा, जवळचा हात, लांबचा हात. बाबांना एकदम कळलं नाही. आईला कळलं. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"म्हंजे ह्यांना काय झालंच नव्हतं?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक काय? हो का नाय ते सांग."

"नव्हतं."

आई बाबांकडे वळली. "देवीला पाय लागू नयेत म्हणून तुम्ही फिरलात. आणि बाकी सगळं मी उचललं. होय ना?"

"मला काय म्हाईत होतं गं..."

"तुम्हाला कधीच काय म्हाईत नसतं. मी सरकारी दवाखान्याचा कागद आणलेला. त्यावर विश्वास नाय ठेवलात. बायकोने आणलेला ना तो."

मला वाटलेलं, आनंद होईल. बाबांचं हृदय चांगलं आहे ही आनंदाची बातमी असते, निदान दुसऱ्यांच्या घरात. आमच्या घरात त्या दिवशी सुतक असल्यासारखं झालं. बाबा खिडकीपाशी जाऊन बसले आणि थोड्या वेळाने मला म्हणाले, "मग मी आबांना खांदा देऊ शकलो असतो?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, अजून ठरत नाही.

पण तोंडी सांगून बाबांची खात्री पटणार नव्हती. त्यांना त्यांचं हृदय फिरतंय असं वाटत होतं, ते वाटणं मला त्यांच्या डोळ्यांसमोर बंद करायचं होतं. आमच्या केंद्राच्या हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घेतली आणि रविवारी दोघांना घेऊन ठाण्याला गेले. बाबांना सरळ झोपवलं, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्याला, आणि पहिला ईसीजी काढला. पहिली लीड वर, एव्हीएफ वर. एव्हीएल नावाच्या लीडमध्ये रेघ जितकी वर तितकीच खाली. म्हणजे अक्ष तिच्याशी काटकोनात, अधिक साठ अंश. पुस्तकात चित्र काढून दाखवतात तितका बरोबर.

मग त्यांना न हलवता फक्त हातांचे दोन चिमटे अदलाबदल केले आणि दुसरा काढला. पहिली लीड पालथी, एव्हीएफ तशीच वर. आता जितकी वर तितकीच खाली अशी रेघ एव्हीआर या लीडमध्ये आली. अक्ष एकशेवीस अंश. मशीनने वर तेच छापलं, ज्याच्यावर आमचं घर चाललं होतं: राइट अॅक्सिस डेव्हिएशन.

"तोच माणूस, तेच हृदय, तीच पाच मिनिटं," मी बाबांना म्हणाले. "काही फिरत नाही. चिमटे फिरतात."

बाबा दोन्ही कागद हातात धरून बघत राहिले. त्यांना त्या रेघांतलं काही कळत नव्हतं, पण वर छापलेली ती इंग्रजी अक्षरं ते ओळखत होते. नीट वाचता येत नसली तरी त्यांचा आकार त्यांना पाठ होता.

"आता कुठं जायचं हे घेऊन?" त्यांनी विचारलं.

मी कारखान्यावर गेले. मला नोकरी नको होती. बाबांचं वय आता नोकरीचं नव्हतंच. पैसे मागायला गेले नव्हते. मला एक ओळ पाहिजे होती, कंपनीच्या कागदावर, की ह्या माणसाला आम्ही चुकून अनफिट ठरवलं. गेटवरचं नाव बदललेलं होतं. आतल्या साहेबाने, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असेल, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, कंपनी विकली गेली. तेव्हाचं रेकॉर्ड आमच्याकडे नाही. तेव्हाचा स्टाफ नाही. आणि तुमचं म्हणणं खरं असेलही, पण मी कुणाच्या वतीने लिहून देऊ?"

तो उद्धट असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. मी पाणीही न पिता उठले.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "राहू दे. त्या पोरानं मुद्दाम थोडंच केलं?" हे ऐकून आईने भांडं आपटलं. मी आईच्या बाजूची आहे. माझ्या मते मुद्दाम केलेल्या चुकीपेक्षा अशी चूक वाईट. मुद्दाम करणाऱ्याला निदान माहीत असतं की समोर माणूस आहे. इथे मशीनने छापलं, कॅम्पच्या डॉक्टरने गठ्ठ्यावर सह्या केल्या, साहेबाने वाचून दाखवलं, नाक्यावरच्या डॉक्टरने मान हलवली. माझ्या बापाच्या हातांकडे एकानेही बघितलं नाही.

केंद्रात मी विषय सोडला नाही. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घ्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं. चिमटे लावताना हाताचं नाव मोठ्याने घ्यायचं. उजवा अक्ष आला की रिपोर्ट लिहिण्याआधी हात तपासून दुसरा ईसीजी काढायचा. सहकारी म्हणाले, "वेळ जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." काही जण मला मागून हेडबाई म्हणतात. म्हणू देत. आमचे तज्ज्ञ डॉक्टर कमी बोलणारे आहेत. त्यांनी बाबांचे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, मला दोन प्रश्न विचारले आणि नियम लागू केला.

आई अजून पोळीभाजी केंद्रात जाते. तिच्या खांद्यांचं काही होणार नाही, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ती बाबांशी बोलते, पण त्या विषयावर नाही.

बाबांना नोकरी परत मिळाली नाही आणि कारखान्याने काही लिहून दिलं नाही. पण आता त्यांच्या नावाचा एक रिपोर्ट आहे. अक्ष अधिक साठ अंश, ईसीजी नॉर्मल, कामासाठी फिट, असं त्यात लिहिलंय. खाली हृदयरोगतज्ज्ञांची सही आहे. तो ईसीजी मी काढलाय. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली.